फाटकातला लाल गुलाब

बाईंचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "मरेपर्यंत मला ही स्कूटरच बघायची आहे का?"

प्रश्न अप्पांना होता आणि स्कूटरही अप्पांचीच होती. खिडकीबाहेर फरशी घातलेलं छोटं अंगण, अंगणात टाकीचं लोखंडी झाकण आणि झाकणाशेजारी ताडपत्री पांघरलेली स्कूटर, असा एकूण देखावा होता. स्कूटर चालू होत नसे. ती काढून टाका असं कुणी म्हटलं की अप्पा म्हणत, "मीही निवृत्तच आहे. मला काढलंय का कुणी?" यावर लोक गप्प बसत, पण त्या गप्प बसण्यात होकार किती आणि नकार किती, हे अप्पांना कधी कळलं नाही.

बाई म्हणजे अप्पांची बायको. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे, आणि गल्लीचं ऐकून अप्पाही तेच म्हणू लागले होते. आता त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असे आणि त्याची नळी नाकाला लावून बाई पूर्वीच्याच अधिकाराने बोलत. फक्त वाक्यं आखूड झाली होती. डॉक्टरांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की बरं होण्याची आशा धरू नका, त्यांना जे आवडेल ते करा. बाजूला घेतलं की ऐकू जात नाही, अशी डॉक्टरांची समजूत असावी. शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडण्यात बाईंची हयात गेली होती.

"काय करू तुझ्यासाठी?" अप्पांनी विचारलं.

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. चित्रात एक बुटकं घर होतं आणि त्याच्यापुढे फुलांचा नुसता गोंधळ माजला होता. ना वाफे, ना रांगा. उंच फुलं बुटक्यांच्या अंगावर रेललेली, वाटेवर येऊन बसलेली, आणि फाटकाशी लालभडक गुलाबाचं झुडूप.

"हे," बाई म्हणाल्या.

"घर?"

"घर आहे आपल्याला. बाग."

अप्पांची नोकरी वीज कंपनीत मीटर तपासण्यात गेली होती. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं एकच खरं रीडिंग असतं आणि बाकी सगळी लबाडी असते, ही त्यांची जीवनाकडे बघण्याची दृष्टी. बागेशी संबंध म्हणाल तर ऑफिसातली कुंडी एकदा त्यांच्या पायावर पडली होती. पण लग्नाच्या एवढ्या वर्षांत बाईंनी मागितल्या त्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या बऱ्याच "जरा गप्प बसा" या स्वरूपाच्या. अप्पा कपडे करून नर्सरीत गेले.

नर्सरीवाल्याने कॅलेंडर नीट पाहिलं. अप्पांनी ते भिंतीवरून उतरवून बरोबर नेलं होतं. "ही झुडुपी जात," तो म्हणाला. "काटक. ऊन सोसते, थंडी सोसते, पाणी कमी, पाणी जास्त, सगळं सोसते. मारूनही मरत नाही."

हे शेवटचे शब्द अप्पांना इतके भिडले की त्यांनी रोपाकडे न बघताच मान डोलावली. घरी आल्यावर पिशवी उघडली तर मातीत खोचलेल्या दोन तपकिरी काड्या निघाल्या. बरोबर चित्रातल्या गोंधळासाठी डेझी, फ्लॉक्स, पिटुनिया अशी बरीच प्रजा होती.

"काड्या आहेत," खिडकीतून बाई म्हणाल्या.

"काटक जात आहे," अप्पा म्हणाले.

लावायचं म्हणजे आधी स्कूटर मागच्या दारी ढकलणं आणि मग फरशी फोडणं आलं. इथे कॅप्टनचा प्रवेश झाला. कॅप्टन म्हणजे डाव्या हाताचे शेजारी. ते कधी सैन्यात नव्हते. ऑफिसच्या कॅरम संघाचे कॅप्टन होते. पण चालण्याबोलण्यात त्यांनी कॅरमचा मागमूस राहू दिला नव्हता. ते पहार घेऊन आले. पहार त्यांची, ताकद अप्पांची आणि मार्गदर्शन पुन्हा त्यांचं, अशी वाटणी झाली. "गुलाबाला खोल लागतं," कॅप्टन म्हणत राहिले, "आणखी खोल," आणि अप्पा खोल जात राहिले. मग पहारीने काहीतरी वेगळाच आवाज केला आणि खड्ड्यातून पाण्याचा फवारा कॅप्टनच्या छातीएवढा उडाला.

तो पाइप तीन घरांचा होता. उजव्या हाताला वकीलबाई राहत. त्यांचे यजमान वकील होते आणि त्यांच्या पश्चात घर, कपाट आणि वकिली या तिन्ही गोष्टी वकीलबाईंकडे आल्या होत्या. त्या डोक्याला शांपू लावलेल्या अवस्थेत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे नुकसानभरपाईत बसतं." फेस डोळ्यांत जात असल्यामुळे कलम सांगता आलं नाही.

अप्पा पाणी खात्यात गेले. तिथल्या कारकुनाने नकाशा काढला, अप्पांच्या घरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे पाइप नाहीये."

"आहे. फुटलाय."

"नकाशात नाही."

"पण पाणी येतंय हो."

"पाणी कुठूनही येतं," कारकून सौम्यपणे म्हणाला. "नसलेल्या पाइपची तक्रार मी कशी घेऊ? तुम्ही आधी पाइप आहे असा अर्ज करा. तो मंजूर झाला की मग फुटला असा करा."

अप्पांनी आयुष्यभर लोकांना अशीच उत्तरं दिली होती, त्यामुळे त्यांना राग आला नाही. उलट समोरच्याच्या कामातली सफाई जाणवली. ते परत आले तेव्हा कॅप्टनने सायकलच्या ट्यूबने पाइप बांधून टाकला होता. तो आजही तसाच आहे.

मग खताची गोष्ट. चांगलं कुजलेलं शेणखत घाला, असं सगळ्यांनीच सांगितलं. "कुजलेलं" या शब्दाचं रीडिंग अप्पांना ठाऊक नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याने जे आणून ओतलं त्यातून वाफ येत होती. वाऱ्याची दिशा खिडकीकडे होती. बाईंना खोकल्याची अशी उबळ आली की यंत्र वाढवूनही श्वास पुरेना, आणि संध्याकाळी बँकेतून परस्पर आलेल्या लेकीने दारातूनच विचारलं, "बाबा, आईला मारायचं आहे का तुम्हाला?"

अप्पांनी खिडकी बंद केली, फटींत जुनी धोतरं कोंबली आणि पडदा ओढला. बागेसाठी जी खिडकी, ती बागेपायी बरेच दिवस बंद राहिली. बाई पडद्याकडे तोंड करून पडून असत. एकदा त्या म्हणाल्या, "स्कूटरला वास नव्हता." अप्पा मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

रोपं लावून झाली. अप्पांनी ती दोरी लावून, फूटपट्टीने अंतर मोजून लावली होती. खिडकी उघडल्यावर बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ही प्रार्थनेला उभी आहेत का? विस्कटा." अप्पांनी पुन्हा उपटून विस्कटली. ठरवून विस्कटणं किती अवघड असतं ते करून बघणाऱ्यालाच कळेल. कुठेही लावलं तरी ती रांगेतच येत होती.

यानंतर गल्लीने बाग मनावर घेतली. बाईंवर लोकांचा जीव होता आणि त्यांच्यासाठी करता येण्यासारखं दुसरं कुणाकडे काही नव्हतं; म्हणून जो तो येता-जाता पाणी घाली. शिवाय प्रत्येकाला वाटे की आपल्यालाच सुचलं. कॅप्टन तंबाखूचं पाणी घालत, वकीलबाई चहाचा चोथा, कोपऱ्यावरचा शिंपी साबणाचं. फ्लॉक्स पहिल्यांदा गेले, मग पिटुनिया, मग एकेक करत डेझी. अप्पा रोज सकाळी मेलेली रोपं पिशवीत घालून, बाई जाग्या व्हायच्या आत मागच्या दाराने नेऊन टाकत.

"आज कोण गेलं?" बाई विचारत.

"कुणी नाही."

"खोटं बोलताना तुम्ही कान खाजवता."

शेवटी उरल्या त्या दोन काड्या. सगळ्यांनी त्यांना मेलेलं धरलं होतं. कॅप्टनने तर नखाने साल खरवडून तसं जाहीरही केलं. अप्पा मात्र रोज वाकून बघत. त्यांच्या मनात एक हिशेब बसला होता, तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, सांगण्यासारखाही नव्हता. काडी जगली तर. बस एवढाच. पुढचं वाक्य ते मनातही पुरं करत नसत.

आणि काडीला लाल कोंब आला.

मग मात्र त्या झाडाने मागे वळून पाहिलं नाही. तंबाखू, साबण, चोथा, कच्चं शेण, सगळं पचवून ते असं माजलं की अंगण सोडून भिंतीवर, भिंतीवरून फाटकावर आणि फाटकावरून पदपथावर आलं. काटे सुईसारखे. येणाऱ्या-जाणाऱ्याची बाही, पिशवी, जे हाती लागेल ते धरून ठेवी. बाई उशीला टेकून बघत बसत. कोण अडकलं, कसं सुटलं, काय पुटपुटलं, हे त्या अप्पांना रोज तपशीलवार सांगत. त्यांना बोलण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. फूल मात्र नव्हतं.

रस्त्यावरची झाडं मोजायला आलेला उद्यान खात्याचा निरीक्षक एके दिवशी असाच अडकला. तो सुटला, पण त्याच्या पँटचा गुडघ्याखालचा भाग झाडापाशीच राहिला.

"इकडे ये," खिडकीतून आवाज आला. "पँट काढ. शिवून देते."

निरीक्षक चांगला मध्यमवयीन माणूस होता. पण त्या आवाजापुढे तो निमूट आत आला आणि अप्पांचा टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसला. बाईंनी पँट मांडीवर घेतली. एकेक टाका घालून झाला की त्या थांबून श्वास घेत. ते बघवेना म्हणून की काय, निरीक्षकाने कागद काढला आणि टॉवेलवर बसल्या बसल्या अप्पांना नोटीस लिहिली. पेनही अप्पांचंच.

"सदर झुडूप पदपथास अडथळा करते, तरी छाटावे," त्याने वाचून दाखवलं. "काय करणार, ड्यूटी आहे."

"अडथळामधला 'ळ' नीट काढ," बाई म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

अप्पा कायद्याचे माणूस. ते कात्री घेऊन निघणार, इतक्यात वकीलबाई भिंतीवरून म्हणाल्या, "पदपथावर आलेली फांदी सरकारी. विनापरवाना छाटाल तर तोही गुन्हा." अप्पा उद्यान खात्यात गेले. वकीलबाई बरोबर होत्या.

"पण छाटा असं तुम्हीच कळवलंय."

"कळवलंय आम्ही," खिडकीमागची कर्मचारी म्हणाली. "परवानगी तुम्ही मागायची."

अप्पांनी मागितली. ती साहेबांच्या सहीला गेली, साहेब प्रशिक्षणाला गेले, आणि झाड वाढत राहिलं. अप्पांनी एका पानालाही हात लावला नाही. त्यांना परवानगीची घाई नव्हतीच, कारण एव्हाना फांदीच्या टोकांना कळ्या दिसू लागल्या होत्या.

त्याच सुमारास बाईंना रुग्णालयात न्यावं लागलं. ओठ निळे पडले होते. फाटकाची कडी कशीबशी उघडली, लेकीच्या दंडावर लांब ओरखडा उठला, पण गाडीपर्यंत बाई खुर्चीत बसून गेल्या. मग अप्पांचं आयुष्य बस, रुग्णालयाचा जिना आणि पुन्हा बस एवढं उरलं. बाई बोलायच्या ते एकच: "उमललं का?" अप्पा नाही म्हणत. कान न खाजवता म्हणत, कारण खरंच उमललं नव्हतं.

एके दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. यावेळी त्यांनी बाजूलाही घेतलं नाही.

रुग्णवाहिका फाटकाशी थांबली. दोघा माणसांनी स्ट्रेचर उतरवलं, सिलिंडर उचलला आणि ते फाटकापुढे येऊन उभे राहिले. फाटक दिसतच नव्हतं. अप्पांच्या गैरहजेरीत झाडाने ते या खांबापासून त्या खांबापर्यंत विणून टाकलं होतं, आणि त्या विणीवर फुगलेल्या कळ्या अशा गच्च बसल्या होत्या की आत लाल दिसत होतं.

"हे कापा पहिल्यांदा," पुढचा माणूस म्हणाला. "स्ट्रेचर जाणार नाही."

कॅप्टन धावत कात्री घेऊन आले आणि त्यांनी ती अप्पांच्या हातात दिली. अप्पा कात्री घेऊन उभे राहिले. लेक म्हणाली, "बाबा, आई उन्हात आहे. कापा ना लवकर."

स्ट्रेचरवरून बाईंनी मास्क बाजूला केला. "कापू नका."

"आई, मग जायचं कसं?"

बाईंनी मान वळवून उजवीकडे पाहिलं. तिकडे कंबरभर उंचीची भिंत होती आणि भिंतीच्या मालकीण वकीलबाई दारात उभ्या होत्या. त्या भिंतीला मातीचा ओलावा लागतो म्हणून त्यांनी तीन-तीनदा दाव्याची धमकी दिली होती. आता त्यांनी आपलं फाटक सताड उघडलं, अंगणातल्या कुंड्या पायाने बाजूला केल्या आणि भिंतीवर स्वतःची गोधडी आणून पसरली.

मग बाईंना भिंतीवरून नेलं. घर बदलताना सोफा नेतात तसं. इकडून दोघे, तिकडून कॅप्टन आणि शिंपी, सिलिंडर लेकीकडे, नळी अप्पांकडे. कॅप्टनने "माझ्या आकड्यावर" असं म्हणून मोजायला सुरुवात केली, तर पलीकडच्यांनी एकवरच उचललं आणि अलीकडच्यांनी तीनवर, त्यामुळे बाई क्षणभर पायांवर उभ्या राहिल्यासारख्या तिरप्या झाल्या. "समोरचे, खाली घ्या," त्या मास्कमधून म्हणाल्या. "उंची बघून उभं राहायचं. शिकवलंय ना?" शिंप्याला हसू फुटलं. त्याला खरंच त्यांनी शिकवलं होतं. मग कॅप्टन हसले, लेक रडता रडता हसली, आणि बाईंचं हसू खोकल्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळ्या उमलल्या. एकदोन नव्हे, सगळं फाटक. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती. अप्पांनी बाईंना उशांवर टेकवलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले, तपासणीला वरिष्ठ आल्यावर उभं राहावं तसे.

बाईंनी खूप वेळ पाहिलं.

"जरा भडकच आहे, नाही?" त्या म्हणाल्या.

अप्पांनी पाहिलं. होतं खरं. "कॅलेंडरात छपाई फिकी असते," ते म्हणाले.

"असू दे. पडदा नका ओढू."

पडदा ओढला नाही. पाकळ्या गळायच्या आतच, एका दुपारी अप्पा स्वयंपाकघरात औषध कुटत असताना, बाई गेल्या. यंत्र चालूच होतं, म्हणून त्यांना लगेच कळलं नाही.

गल्ली जमली. लेकीने सगळं बघितलं, फोन केले, खुर्च्या मागवल्या. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. शववाहिनी आली तेव्हा वकीलबाई पुन्हा गोधडी घेऊन निघाल्या, कॅप्टन भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. सगळ्यांना तो रस्ता माहीत झाला होता.

"थांबा," अप्पा म्हणाले.

ते उठले, कपाटावरून कात्री घेतली आणि फाटकापाशी गेले. पहिली फांदी कापली, मग दुसरी. कात्री जाड बुंध्यावर चालेना तेव्हा घरातून करवत आणली. काटे मनगटात शिरत होते. कॅप्टन पुढे झाले तर अप्पांनी त्यांना नुसत्या नजरेने मागे सारलं. फुलांसकट सगळं झुडूप जमिनीलगत कापून त्यांनी स्वतः ओढत बाजूला नेलं, फाटकाची दोन्ही दारं पूर्ण उघडली, वाटेवरच्या पाकळ्या पायाने सारल्या.

"आता चला," ते म्हणाले. "तिला भिंतीवरून नाही नेणार. तिच्या घराचं दार आहे हे."

आणि बाई फाटकातून सरळ बाहेर गेल्या.

पुढे काही आठवड्यांनी निरीक्षक आला. हातात साहेबांच्या सहीची परवानगी होती. मोकळं फाटक आणि जमिनीलगतचं खोड बघून तो थबकला, मग खिडकीकडे पाहिलं. पलंग हलवला होता. अप्पा पायरीवर बसले होते. त्यांनी सांगितलं ते चार शब्दांत सांगितलं.

निरीक्षक शेजारी पायरीवर बसला. मग कागद उलगडत म्हणाला, "यावर मी मागची तारीख घालतो. म्हणजे तुमच्यावर विनापरवाना तोडीचं काही येणार नाही."

"नको," अप्पा म्हणाले. "विनापरवानाच कापलंय. तसंच लिहा."

"कशाला उगाच, अप्पा?"

"तिला न्यायचं होतं, आणि मी कुणाची तरी परवानगी काढत बसलो होतो, असं कागदावर नको यायला."

निरीक्षकाने मान हलवली. त्याने पेन काढलं. यावेळी त्याचं स्वतःचं होतं. अप्पांनी सांगितलं तसं त्याने लिहिलं आणि खाली नियम असतो तोही लिहिला. विनापरवाना तोडणाऱ्याने त्याच जागी दुसरं झाड लावायचं आणि वर्षभर जगवून दाखवायचं.

"वर्षभर," अप्पा म्हणाले.

"हो. मधूनमधून मी येणार बघायला."

"आणि नाही जगलं तर?"

"तर पुन्हा लावायचं."

अप्पांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, आणि पेन मागून जिथे सही करायची होती तिथे सही केली.